परबकाकांची बोलपाटी

परबकाका समोरच्याच्या डोळ्यांत कधी बघत नसत. ते तोंडाकडे बघत. नवखा माणूस गोंधळून जायचा, दातांत काही अडकलंय की काय म्हणून जीभ फिरवायचा. मिशीवाल्यांशी तर त्यांचं जमतच नसे. कॉलेजात असताना माझी मिशी जरा भरघोस झाली, तेव्हा त्यांनी मला गॅलरीत अडवलं आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सुऱ्या, एक तर मिशी ठेव, नायतर माझ्याशी बोल. दोनय जमाचां नाय." मी त्याच संध्याकाळी मिशी उतरवली. काकांशी बोलणं मला सोडायचं नव्हतं.

काळाचौकीला आमची आणि त्यांची खोली भिंतीला भिंत लावून होती. काकांची उमेदीची सगळी वर्षं गिरणीच्या साचाखात्यात गेली. शेकडो साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम धडधडायला लागले की शेजारी उभ्या असलेल्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. मग माणसं ओठांवरून बोलायची आणि लांबच्याशी हाताच्या खुणांनी. चहा आला, जॉबर म्हणजे मुकादम येतोय, धागा तुटला, साचा बंद कर, सगळ्याला खुणा होत्या. त्या आवाजाने कान कधी गेले ते काकांना कळलंच नाही, कारण खात्यात सगळेच तसे. ते म्हणायचे, "गिरण बंद पडली तेवा कळला, मी बहिरो झालंय. तवसर माका वाटायचां, घरातली माणसांच हळू बोलतत."

म्हणजे गिरण्यांच्या संपाने त्यांची नोकरी घेतली आणि वर ही बातमी दिली.

काकीचं त्यांच्याशी बोलणं मात्र कधी अडलं नाही. त्या आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलायच्या आणि घरात काकाही खात्यातल्यासारखं ओठांनीच उत्तर द्यायचे. आमच्या मजल्यावर सगळ्यांत शांत खोली परबांची. नवे भाडेकरू समजायचे की नवरा-बायकोचा अबोला आहे. प्रत्यक्षात ती दोघं जेवताना, भांडी घासताना, गॅलरीत बसून कोलंबी सोलताना अखंड बोलत असत. भांडणंही तशीच. फक्त तेव्हा काकांचा आवाज सुटायचा आणि त्यांची बाजू सगळ्यांना ऐकू यायची.

त्यांना एकच मुलगी, नंदा. माझ्याहून थोडी लहान. संपाच्या दुसऱ्या वर्षी घरात चूल एकदाच पेटायला लागली, तेव्हा काकांनी तिला कणकवलीजवळ काकीच्या भावाकडे पाठवलं. "गिरण सुरू झाली की परत हाडतंय तिका," असं ते सगळ्यांना सांगत. गिरणी सुरू झाली ती थोड्यांसाठी, आणि त्या थोड्यांत काका नव्हते. नंदा तिकडेच राहिली. मामाच्या घरी राबत वाढली आणि मामाने शोधलेल्या मुलाशी तिथेच तिचं लग्न झालं. लग्नात तिने वडिलांच्या पाया पडून लगेच तोंड फिरवलं, असं माझी आई सांगायची. काकी त्यावर कधी काही बोलल्या नाहीत. निदान आम्हाला दिसेल असं नाही.

काका एका इमारतीत वॉचमन म्हणून लागले होते. गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही म्हणून काढून टाकलं. शेवटी लालबागला मिरची कांडायच्या डंकावर काम मिळालं. त्या आवाजात दुसरं कोणी टिकत नसे. तिखटाने डोळे लाल करून घरी यायचे आणि म्हणायचे, "कान गिरणीन खाल्ल्यान, डोळे मिरची खाता. तोंड रवला हा तां तुमका देतंय." आणि स्वतःच हसायचे.

मग काकींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा जीव वाचल्याच्या आनंदात कोणाच्या लक्षात आलं नाही, पण काकांच्या पहिल्या दिवशीच आलं. काकींचं तोंड वाकडं झालं होतं. ओठांची एक बाजू लोंबकळत होती आणि दुसरी भलतीकडेच ओढली जात होती. आवाज येत होता, जड, घोगरा, तोंडात ओला कपडा कोंबल्यासारखा. माझी आई कान देऊन त्यातून शब्द काढायला शिकली. आवाज काकांच्या कामाचा नव्हता. त्यांना ओठ हवे होते, आणि ते ओठ त्यांना वाचता येईनात. पलंगाच्या कडेला बसून ते काकींच्या तोंडाकडे बघत राहायचे. नंतर आमच्या दारात येऊन म्हणायचे, "वैनी, काय बोलता गो ती? माका कळणा नाय."

कोणीतरी शिबिरात नेऊन त्यांना कानाचं यंत्र मिळवून दिलं. दोन दिवसांत त्यांनी ते काढून ठेवलं. "सगळो आवाज एकदम येता. बोलणां येणा नाय. गिरण परत सुरू झाल्यासारख्या वाटता."

काकींना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे लिहून दाखवण्याचाही प्रश्न नव्हता. दूध, औषध, पाठ दुखते, उशी वर कर, हे सगळं आईमार्फत चालायचं. काकी बोलायच्या, आई ऐकायची आणि काकांकडे वळून ओठ हलवायची. पण एक गोष्ट अशी चालेना. अधूनमधून काकी काकांकडे बघून काहीतरी सुरू करायच्या. आई वाकून कान द्यायची की त्या थांबायच्या आणि चांगला हात हलवून नको म्हणायच्या. एकदा आईने विचारलं, "सांग की गं, मी सांगते त्यांना." काकी म्हणाल्या, "ह्यां त्येंकाच सांगूचां आसा."

आईने हे काकांना सांगितलं. तिथून त्यांच्या डोक्यात ते शिरलं.

मी तेव्हा फोर्टात एका कॉम्प्युटर कंपनीत लागलो होतो. बँकांना, ऑफिसांना मशिनं बसवायची हे आमचं काम. आमचे देवधरसाहेब प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणत, की आता बँका पुरे, घराघरांत जाईल अशी वस्तू शोधा, कल्पना कोणाचीही असो, माझ्याकडे आणा. हे मी काकांना गप्पांत सांगितलं होतं. एका रविवारी ते कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. शाळेची पाटी होती. तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलेलं, खाली डब्याच्या झाकणाला भोकं पाडून केलेली जाळी आणि गळ्यात अडकवायला साच्यावरचा जुना पट्टा.

"बोलपाटी," ते म्हणाले. "हय बोलाचां, हय अक्षरां उठतली. तुझो कॉम्प्युटर अक्षरां दाखयता मां? मग कानान ऐकून दाखयल्यान तर काय झाला? ती बोलतली, मी वाचतलंय. मधी कोण नको."

आज हे फोनवर होतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. तेव्हा आमच्या कंपनीतल्या मशिनवर मराठी अक्षर उमटवायचं म्हणजेच मोठी करामत होती. मी काकांना तसं सांगितलं. त्यांनी माझं तोंड नीट वाचलं आणि म्हणाले, "तुका जमाचां नाय तां तुझ्या साहेबाक जमात. माका घेऊन चल."

मी साहेबांची परवानगी काढली आणि काकांना घेऊन गेलो. त्यांनी नंदाच्या लग्नातला पांढरा शर्ट घातला होता. गार, गालिचा घातलेल्या ऑफिसात त्यांच्या "नमस्कार!"ने टायपिस्टचे हात थांबले. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळायचा मार्गच नव्हता. देवधरसाहेब उठून उभे राहिले, खुर्ची दिली. माणूस सज्जन होता, पण त्याला दाढीमिशी होती. साहेब बोलत आणि मी ते काकांना ओठांनी सांगत होतो. मधे कोणी नको म्हणून केलेली वस्तू दाखवायला आम्ही आलो होतो, आणि मधे मी बसलो होतो.

काकांनी पाटी टेबलावर ठेवली आणि सगळं नीट सांगितलं. "साहेब, माझ्या एकट्यासाठी नाय मागणंय. साचाखात्यातलो अर्धो माणूस बहिरो. लालबाग, परळ, शिवडी, खयय विचारा. घरात बायको बोलता, पोरां बोलतत, आणि तो भिंतीकडे बघता. त्येंका लोक म्हणतत म्हातारो तुसडो झालो. तुसडो नाय ओ, त्येका ऐकाक येणा नाय. ही पाटी काढलास तर घराघरात जायत."

साहेबांनी पाटी हातात घेऊन निरखली. शेजारी बसलेल्या पाठक नावाच्या तरुण इंजिनियरला विचारलं. पाठकने सरळ सांगितलं, की स्वच्छ, एकेक शब्द तोडून बोललेलंही मशिनला अजून धड ओळखता येत नाही. परदेशात नुसते प्रयत्न चाललेत, मराठीत तेही नाहीत. आणि आजारी माणसाचं अस्पष्ट बोलणं तर फारच लांब. मी ते काकांना जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी आणखी एक विचारलं, तेही सांगावं लागलं. गिरणीतून सुटलेल्या माणसाला ही वस्तू परवडेल का?

काकांनी साहेबांच्या हातातल्या पाटीकडे बघितलं. म्हणाले, "नाय परवडाची." मग पुन्हा, "पण होयी तर तेंकाच आसा."

साहेब पाठकला घेऊन काचेच्या केबिनबाहेर गेले. दार बंद झालं. मला काही ऐकू येत नव्हतं, आणि दोघांनाही वाटत होतं की आत ऐकू जात नाही. पाठकला दाढी नव्हती, मिशी नव्हती. तो आमच्याकडे तोंड करून उभा होता. काका खुर्चीत ताठ बसून त्याच्याकडे बघत होते, खात्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बघावं तसे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि काहीतरी वाईट झालं एवढं मला कळलं.

साहेब परत आले. कल्पना फार चांगली आहे, आम्ही लक्षात ठेवू, तोवर माझ्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, असं बरंच मायेने बोलले. काकांनी हात जोडले. "आभारी आसंय, साहेब." आणि ते चालायला लागले. पाटी टेबलावरच राहिली. शिपाई ती घेऊन जिन्यापर्यंत हाका मारत आला. काका तसेच उतरत गेले. पाटी मी घेतली.

बसमध्ये त्यांनी मला सांगितलं. पाठक म्हणाला होता, "सर, हे व्हायला वीस वर्षं जातील. तोवर त्यांची बायको राहणार आहे का?"

मी चिडून काहीतरी बोलायला लागलो. काकांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "त्येका शिव्या घालू नको. पोरगो खरां बोललो. डाक्टर माका सांगणा नाय होते, तां त्येणा सांगल्यान."

त्यानंतर त्यांनी बोलपाटीचा विषय काढला नाही. डंकावरून आले की काकींजवळ बसून त्यांना गिरणीच्या खुणा शिकवायला लागले. काकींचा डावा हात चांगला होता. थोड्याच दिवसांत त्या खुणा वापरायला लागल्या. चहाची खूण चहालाच. जॉबर येतो म्हणजे डॉक्टर येतो. धागा तुटला म्हणजे दुखतं. सुट्टीची खूण केली की काकांनी दिवा मालवायचा. कधी कधी काकी जॉबरच्या खुणेनंतर नाक मुरडायच्या आणि काका मोठ्याने हसायचे. भिंतीपलीकडे ते हसणं ऐकून आई म्हणायची, चला, बोलायला लागली.

पण त्या खुणा कामाच्या होत्या. आठ तास साच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला जे सांगावं लागतं तेवढंच त्यांत होतं. काकी मधेच हात उचलायच्या, हवेत थोडा वेळ धरायच्या आणि खाली ठेवायच्या. काका विचारायचे, "काय गो?" त्या मान हलवायच्या.

दुसरा झटका सकाळी आला. आई आणि मी धावत गेलो. काका पलंगावर वाकून काकींच्या तोंडाकडे वीतभर अंतरावरून बघत होते. काकी बोलत होत्या. बराच वेळ बोलत होत्या. आई दुसऱ्या बाजूने कान लावून बसली होती. मग थांबल्या. काकांनी मान वर करून आईच्या तोंडाकडे बघितलं. आईने ओठ हलवले नाहीत.

नंदा दुसऱ्या दिवशी गावाहून आली. दारातच ती रडायला लागली आणि पदर तोंडावर घेऊन काहीतरी बोलत राहिली. काका तिच्याजवळ गेले. "पदर काढ गो तोंडावरचो. माका दिसणा नाय."

तिने पदर काढला. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच ती वडिलांकडे तोंड करून उभी होती. तिने विचारलं, "बाबा, माझी आवस शेवटाक काय बोलली?"

खोलीत आम्ही चौघंच होतो. काकांनी एकदा माझ्या आईकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझां नाव घेतल्यान. दोनदा. म्हणाली, तिका धाडूक नको होतां."

नंदाने आईकडे बघितलं. माझी आई कधी खोटं बोलत नसे. ती म्हणाली, "हो बाय. मी होते ना इथे."

नंदा खाली बसली आणि वडिलांच्या गुडघ्याला डोकं लावून रडली. काका तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. तिचं रडणं त्यांना ऐकू येत नव्हतं, ते हाताला कळत असावं.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, काकी खरंच काय म्हणाल्या. आई म्हणाली, "मला एक शब्द कळला नाही रे. शब्द राहिलेच नव्हते त्यात."

दिवसकार्य झाल्यावर नंदा काकांना गावी घेऊन गेली. ते फार जगले नाहीत. नंदा त्यांची खोली आवरायला आली तेव्हा आमच्याकडेच उतरली. काकांना शेवटी त्रास झाला का, आईने विचारलं. नाही म्हणाली. मग आईकडे नीट बघत म्हणाली, "मावशी, बाबांनी जाताना तुमचां नाव घेतल्यानी. दोनदा."

आईने तिचा हात हातात घेतला. "हो का गं," म्हणाली. पुढे तिने काही विचारलं नाही.