टोळी निघण्याआधीची ग्रामसभा

खर्ड्याजवळच्या त्या वाडीतलं निम्मं गाव दसरा सरला की ऊस तोडायला देवळाली प्रवराकडं निघतं. रंगुबाई त्यातल्याच. दोन वर्षांपूर्वी त्या ग्रामपंचायतीत निवडून आल्या, तरी हातातला कोयता काही सुटला नाही. नात सृष्टी सहावीत. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून तीही दरवर्षी बरोबर जायची आणि शाळा बुडायची.

गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह झालं असतं, तर पोरं मागं राहिली असती. तालुक्याची मंजुरी होती, गुरुजी तयार होते. अडलं होतं फक्त ग्रामसभेच्या ठरावापाशी. आणि मोठी सभा भरायची सव्वीस जानेवारीला, पोरांचे आईबाप फडात असताना. गेल्या खेपेला घरी उरलेल्यांनी वसतिगृह बाजूला सारून वेशीवर कमान मंजूर केली. कमान झाली झकास. तिच्याखालून जायला माणसं नव्हती, एवढंच.

यंदा रंगुबाई ग्रामसेवकांसमोर ठाण मांडून बसल्या.

"भाऊसाहेब, सभा टोळ्या जायच्या आधी घ्या."

"तारखा वरून येतात, मावशी. माझ्या हातात काय आहे?"

"वरून म्हंजी कुठून? दिल्लीनं मुंबईला इचारावं, मुंबईनं आमाला. कुनीच कुनाला इचारायचं न्हाई, तर आमच्या बोटाला शाई लावता कशाला?"

भाऊसाहेबांनी वैतागून तालुक्याला फोन लावला. तिकडचे साहेब म्हणाले, "विशेष सभा सरपंच कधीही बोलावू शकतात. तुमच्याकडून कुणी मागितलीच नाही." हे ऐकून रंगुबाईंना आनंदाऐवजी संतापच आला. अधिकार इतकी वर्षं गावातच पडून होता आणि आपण वर बघत बसलो! तिथून त्या तडक सरपंचांच्या घरी गेल्या आणि तारीख घेऊनच उठल्या.

पण नेमकं सभेच्याच सकाळी कारखान्याचं बोलावणं आलं. ट्रॉलीत भांडी, पत्रे, शेळ्या चढल्या, सृष्टीचं दप्तरही चढलं. मुकादम मच्छिंद्र हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. सभेला शंभर माणसं लागतात, आणि पारावर जमली होती एकसष्ट. रंगुबाई ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"मच्छिंद्र, अर्धा तास दे. तुझीबी पोरगी हाय."

मच्छिंद्रनं इंजिन बंद केलं आणि स्वतः खाली उतरला. त्याच्यामागं ट्रॉलीतली बायामाणसं उतरली आणि पारावर दाटीवाटीनं बसली.

"एकशे चौदा," भाऊसाहेबांनी दोनदा मोजून सांगितलं. ठराव वाचला गेला. पहिला हात मच्छिंद्रचा वर झाला. कमानवाले थोडे कुरकुरले, पण शेवटी त्यांनीही हात उचलले.

गुरुजी म्हणाले, "आज संध्याकाळपासून पोरांचं जेवण शाळेत."

रंगुबाई ट्रॉलीत चढल्या आणि भांड्यांशी बांधलेलं दप्तर सोडवू लागल्या. डोळे भरून आल्यानं गाठ लवकर सुटेना. अखेर दप्तर त्यांनी खाली सृष्टीच्या हातात दिलं.

"आज्जी, सव्वीस जानेवारीला येशील?"

"न्हाई बाई. झेंड्याला यंदा तूच जा. माझी सभा झाली."