दुसरी सही

ठिणगीचं कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण ते घरात कुणी वापरलं नाही. चार वर्षांची असताना शेजारच्या मुलीने हिची बाहुली ओढली, तेव्हा ही तिच्या मनगटाला कडकडून चावली. इथवर ठीक होतं, मुलं चावतातच. पण तीन महिन्यांनी, ती मुलगी सगळं विसरून खेळायला आली असताना, ही पुन्हा एकदा चावली. का गं, विचारलं तर म्हणाली, "तेव्हा नीट लागलं नव्हतं." ताईने त्या दिवशी तिचं नाव ठिणगी ठेवलं.

ताई अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली आणि ताईने शाळा सोडून शिलाईचं मशीन धरलं. खिडकीपाशी बसून ती सकाळपासून लोकांचे कपडे शिवायची आणि मागच्या भिंतीला टेकून ठिणगी अभ्यास करायची. ठिणगी नर्स झाली ती त्या मशीनच्या खडखडाटात. तिचा पहिला पांढरा गणवेश ताईनेच शिवला, आणि खिसा मुद्दाम खोल ठेवला. "तुझी जीभ ठेवायला," म्हणाली. "कामावर असताना बाहेर काढू नकोस."

आता मुद्द्यावर येते. ठिणगी जिथे नोकरीला होती त्याच हॉस्पिटलात ताईच्या छातीतल्या गाठीवर उपचार सुरू झाले. ऑपरेशन झालं, मग केमो. केमोची खोली म्हणजे दहा खुर्च्या, दहा सलाईनचे दांडे आणि त्या सगळ्यांवर राज्य मोठ्या सिस्टरांचं. मोठ्या सिस्टर म्हणजे त्या खोलीच्या इनचार्ज. बाई कामाला वाघ, पण एकदा सुई टोचली की टेबल सोडायच्या नाहीत, उंटावरून शेळ्या हाकायच्या. ठिणगी त्यांच्याच हाताखाली होती.

तिथे एक लाल रंगाचं औषध असतं. शिरेत राहिलं तर गाठीला मारतं आणि शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं. म्हणून नियम असा, की औषध देताना दोन नर्सनी खुर्चीपाशी उभं राहायचं. पेशंटचं नाव, औषध, मात्रा तपासायची, सुईतून रक्त परत येतंय का ते बघायचं, आणि मग कागदावर दोघींनी वेळ घालून सही करायची. नियम छान होता. पण माणसं कमी आणि खुर्च्या भरलेल्या. तेव्हा मोठ्या सिस्टरांनी आपली सोय लावली होती. सकाळी सव्वासातला, पेशंट यायच्या आधी, दिवसभराच्या कागदांचा गठ्ठा टेबलावर यायचा आणि हाताला लागेल त्या मुलीने सगळ्यांवर दुसरी सही ठोकून मोकळं व्हायचं. सगळ्याच मुली करायच्या. कुणाला त्यात काही वाटायचं नाही.

ताईच्या तिसऱ्या खेपेला ठिणगीला औषधं आणायला खाली पाठवलं. आपल्या माणसाला आपण औषध द्यायचं नाही, हाही नियमच. ती परत आली तर ताईचा उजवा हात, मागच्या बाजूला सुई टोचली होती तिथपासून मनगटापर्यंत सुजलेला, आणि वर गरम पाण्याची पिशवी.

"मी मघापासून सांगतेय की झोंबतंय," ताई म्हणाली.

"अहो, औषध आहे ते, अत्तर नाही. थोडं झोंबणारच," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. सुई त्यांनी केव्हाच उपसून टाकली होती.

आठवड्याने फोड आले, महिन्याने कातडी काळी पडली. मांडीची कातडी काढून हातावर लावली. गाठ गेली, ताई वाचली, पण उजव्या हाताची तीन बोटं वाकेनात. सुईत दोरा ओवणं सोडा, स्वतःच्या कपड्याचं बटण लावता येईना. मशीनवर चादर पडली ती कायमची.

चौकशी झाली म्हणे. बंद दाराआड, दहा मिनिटं. निकाल काय, तर पेशंटची शीर नाजूक होती. चोराच्या उलट्या बोंबा! ठिणगी तशीच केमोच्या खोलीत गेली आणि सगळ्यांदेखत मोठ्या सिस्टरांना म्हणाली, "शीर नाजूक नव्हती, तुमची मान ताठ होती. उठून बघायला काय झालं होतं?"

मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. "कॅन्सरचं शिकून ये आधी," म्हणाल्या. "मग माझ्याशी बोल."

बस. तिने त्या वाक्याची खूणगाठ बांधली.

त्यानंतरची रोजची सकाळ सांगते. ताई पाठ करून उभी राहायची आणि ठिणगी तिच्या पाठीवरची सहा बटणं लावायची. सहा बटणं, सहा शिव्या, सगळ्या मोठ्या सिस्टरांच्या नावाने, मनातल्या मनात. एखाद्या दिवशी घाईत एखादी राहिलीच तर जिना उतरताना देऊन टाकायची.

नर्सनाही कॅन्सरच्या सेवेत पदव्युत्तर शिक्षण घेता येतं, दोन वर्षांचं. ठिणगीने त्याची प्रवेश परीक्षा दिली. पस्तिशीची बाई वीस-बावीस वर्षांच्या पोरींबरोबर बाकावर बसली. पोरी तिला आत्या म्हणायच्या. म्हणेनात का! तिला मैत्रिणी करायच्या नव्हत्या, उट्टं काढायचं होतं. ती रबरी हातावर शीर शोधायला शिकली. मरणाऱ्या माणसाला खोटा धीर न देता त्याच्याशी कसं बोलायचं तेही शिकली, आणि दुखणं किती आहे हे पेशंटच्याच तोंडून ऐकायचं, आपण ठरवायचं नाही, हेही. आणि एके दिवशी वर्गात लाल औषधाचा धडा निघाला.

औषध बाहेर गेल्याचा संशय आला की आधी थांबा. सुई लगेच उपसू नका, तिच्यातूनच जेवढं परत ओढता येईल तेवढं ओढा. थंड शेक द्या. आणि या औषधाला गरम शेक कधीही, कधीही देऊ नका. शिवाय तळहाताच्या मागच्या बाजूची शीर निवडू नका, तिथे बोटं हलवणाऱ्या दोऱ्या जवळ असतात.

ठिणगीने पेन खाली ठेवलं. मागच्या बाजूची शीर. उपसलेली सुई. गरम पिशवी. एकूण एक गोष्ट उलटी! तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. शेजारची पोरगी म्हणाली, "आत्या, पाणी देऊ?"

"पाणी मी पाजणार आहे," ठिणगी म्हणाली, "एकीला."

प्रबंधाचा विषय तिने तिथेच ठरवला: लाल औषध शिरेबाहेर गेल्याच्या घटना, आपल्याच हॉस्पिटलच्या जुन्या कागदांवरून. तिला शिकवणाऱ्या बाईंनी पहिलं प्रकरण वाचलं आणि वही परत दिली. "यात राग फार आहे हो. आकडे लिहा. राग आकड्यांतून आपोआप दिसतो." ठिणगीला ते पटलं. तिने जीभ खिशात घातली आणि आकडे काढायला बसली.

दफ्तराच्या खोलीतला कारकून सुरुवातीला चावी देईना. ठिणगी परवानगीचा कागद घेऊन त्याच्यासमोर स्टुलावर बसली ती उठेचना. तिसऱ्या दिवशी त्याने चावीच हातात दिली. "घ्या बाई. तुम्ही बसलात की मला शिंकायलासुद्धा परवानगी घ्यावीशी वाटते."

पाच वर्षांत अकरा घटना निघाल्या. तिने एकेक कागद काढला. पहिली सही कुणाची का असेना, दुसऱ्या सहीसमोरची वेळ सगळीकडे एकच: सव्वासात. औषध अकराला दिलं, बाराला दिलं, दोनला दिलं, आणि दुसऱ्या नर्सने म्हणे ते सव्वासातलाच पाहिलं होतं! ठिणगी खुशीत हसली. मोठ्या सिस्टरांची अख्खी सोय दहा कागदांवर उघडी पडली होती. पुन्हा चौकशी लागणार, या वेळी दार उघडं असणार.

ताईचा कागद तिने शेवटी ठेवला होता. गोड घास शेवटी खायचा, ही तिची लहानपणची खोड.

कागद काढला. पहिली सही मोठ्या सिस्टरांची. वेळ साडेअकरा. दुसरी सही, वेळ सव्वासात.

दुसरी सही तिची स्वतःची होती.

तिने कागद उजेडाकडे धरला, जवळ आणला, लांब धरला. शेवटच्या अक्षराचं शेपूट लांब ओढायची तिची सवय होती. शेपूट तिथे होतं. आणि मग तिला आठवलं, की त्या दिवशी सकाळी गठ्ठा तिच्याकडेच आला होता. वीस-एक कागद होते. नावं वाचली नव्हती. वाचायचीच नाहीत अशी रीत होती. आपल्या बहिणीच्या कागदावर, बहीण दारातून आत यायच्या आधी, तिने लिहून दिलं होतं की सुई शिरेत आहे, मी पाहिलं आहे.

कारकून दारात येऊन विचारत होता, दिवा लावू का. तिने कागदाची प्रत मागितली.

दुसऱ्या दिवशी ती कागदाची प्रत घेऊन मोठ्या सिस्टरांसमोर उभी राहिली. त्यांनी नुसती नजर टाकली.

"मिळाला म्हणायचा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. म्हणूनच तो चौकशीत पुढे केला नाही. केला असता तर तू त्याच दिवशी घरी बसली असतीस."

"आणि तुम्ही?"

"मीही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. खोटं बोलण्याइतक्या त्या भित्र्या नव्हत्या, हे मानायला हवं. "हे बघ, माझे नोकरीचे चार महिने उरलेत. मी गेल्यावर ही खोली तुझ्याकडेच येणार आहे, शिकून आली आहेस. अहवालात लिही की पद्धत चुकीची होती, पद्धत बदला. कुणाची नावं घालू नकोस. तुझाही बोभाटा नको, माझाही नको. तुझ्या ताईला तरी कशाला कळायला हवं?"

वाईट काय सांगत होती बाई? काहीच नाही. पण ठिणगीला वाटलं, हिने आपल्याला पुन्हा एकदा गठ्ठा पुढे केलाय, आणि पेन आपल्याच हातात आहे. हिला सोडायचं तर आपण सुटतो. हिला बुडवायचं तर आपणही बुडतो. आणि नोकरीचं सोडा हो, ताईचं काय? अख्ख्या जगात तिला ठिणगी म्हणणारं माणूस एकच होतं.

घरी आल्यावर तिने कागद ताईच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. सव्वासातची वेळ, गठ्ठा, सही. तिने रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ती रडली.

ताईने डाव्या हाताने कागद सरळ केला.

"म्हणजे घरचीच निघालीस," ती म्हणाली. एवढंच. मग कागदाची घडी घालायचा प्रयत्न केला, बोटं वाकेनात, तसाच टाकून आत गेली.

तीन दिवस ताई बोलली नाही. बटणांना शेजारणीला बोलवायची. चौथ्या दिवशी दारातूनच म्हणाली, "चौकशीत तिचं नाव घेणार आहेस ना?"

"हो."

"मग तुझंही घे. उसवायचं तर पूर्ण उसव, अर्धवट उसवलेलं कापड फाटतं. आणि मी पहिल्या रांगेत बसणार आहे. बघायला."

ठिणगीने नावांसकट अहवाल दिला. चौकशी लागली, आणि या वेळी ती दहा मिनिटांत आटपली नाही. ठिणगीने अकरा कागद भिंतीवर एकेक करून दाखवले. आवाज चढवला नाही, आकडे बोलत होते. मोठ्या सिस्टर मान ताठ ठेवून ऐकत होत्या. दहा कागद झाले. अकरावा आला.

"हात माझ्या बहिणीचा आहे," ठिणगी म्हणाली. "शीर चुकीची निवडली, पेशंटचं ऐकलं नाही, सुई आधीच उपसली, गरम शेक दिला. पहिली सही इनचार्ज सिस्टरांची आहे. कॅन्सरचं शिकून ये, मग बोल, असं त्या मला म्हणाल्या होत्या. मी शिकून आलेय, म्हणून बोलतेय." तिने मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. त्यांची मान पहिल्यांदा खाली गेलेली दिसली. ज्या घटकेसाठी तिने तीन वर्षं काढली ती हीच होती, आणि ती गोड होती, उगाच नाही म्हणू नये. "दुसरी सही माझी आहे."

हॉस्पिटलच्या प्रमुखांनी विचारलं, पेशंटला काही विचारायचं आहे का. ताई उभी राहिली. मोठ्या सिस्टरांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"सही करताना नाव वाचलं होतंस?"

"नाही, ताई."

"एवढंच विचारायचं होतं," ताई म्हणाली आणि बसली.

मोठ्या सिस्टरांना त्याच आठवड्यात केमोच्या खोलीतून काढलं. ठिणगीला ताकीद मिळाली, इनचार्जची जागा दुसरीला गेली, आणि पदवी घेतलेली ठिणगी वर्षभरासाठी चादरी-टॉवेल मोजायच्या कामावर गेली. केमोच्या खोलीतला गठ्ठा बंद झाला. आता दुसरी नर्स खुर्चीपाशी उभी राहते, सुईकडे बघते, पेशंटला झोंबतंय का विचारते, आणि मगच सही करते. या गोष्टीला तिचा सूड म्हणतात, हॉस्पिटलात अजूनही.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर निघायच्या तयारीत होती. ताई आली आणि पाठ करून उभी राहिली.

ठिणगीने पहिलं बटण हातात घेतलं. सवयीने शिवी ओठांवर आली. मोठ्या सिस्टरांचं नाव आलं, पण ते चालेना, त्यांचं भरून झालं होतं. उरलेलं एक नाव घेऊन तिने सहाच्या सहा बटणं लावली.

"घट्ट लाव," ताई म्हणाली. "उद्याही तुलाच लावायची आहेत."