पाठ नसलेला कॅमेरा

जुन्या संग्रहालयाच्या वरच्या दालनावर पहारा करणाऱ्या काकांना सगळे ‘हातनका’ म्हणत. दिवसभर त्यांच्या तोंडी एकच, “हात लावू नका!” घरी आले की मात्र कॉटवर आडवे. “उभं राहून पायांचे तुकडे पडले गं,” असं कण्हायचे आणि काकू बिचाऱ्या पाय चेपत बसायच्या. काकूंचे स्वतःचे गुडघे कामातून गेलेले; तो अरुंद चक्री जिना चढून नवऱ्याचं दालन बघणं त्यांना कधी जमलंच नाही.

अशा लोकांसाठीच संग्रहालयाने मोबाइलवरून घरबसल्या सफर घडवायचं ठरवलं. चित्रीकरणाच्या दिवशी काकांनी काच न काच लख्ख पुसली आणि एक वस्तू तेवढी गुपचूप कॅमेऱ्याच्या पाठीमागे सरकवली. कॅमेऱ्याला पाठ असते, अशी त्यांची भाबडी समजूत. या कॅमेऱ्याला चहूबाजूंनी डोळे होते.

सफर सुरू झाली तशी सुनेने मोबाइल दिला. “आई, बोट फिरवा, हवं तिकडे वळता येतं.” काकूंनी तलवारी पाहिल्या, झुंबर पाहिलं आणि बोट फिरवत थेट मागे वळल्या. तिथे आरामखुर्ची होती. खुर्चीत उशी होती. उशीवर त्यांनी स्वतः भरलेला मोर होता. हीच उशी ढापली म्हणून त्यांनी शेजारणीशी बोलणं टाकलं होतं!

संध्याकाळी काका कण्हत कॉटवर पडले. काकूंनी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. काका ताडकन उठून बसले आणि घाईघाईने मोबाइलकडे हात नेला.

“हात लावू नका!” काकू कडाडल्या. मग ऐसपैस बसून त्यांनी आपले दुखरे पाय काकांच्या मांडीवर टाकले. “इथं लावा. चेपून झालं की शेजारी जाऊन माफी मागून या.”