बॉक्सिंग की स्वयंपाक

मलकापूरच्या त्या व्हिसा एजंटला मी कधी हसताना पाहिलं नाही. आपण कितीही घासाघीस केली तरी तो चष्मा पुसत बसतो आणि आपण थकलो की म्हणतो, "बोला, काका."

तिसऱ्या खेपेला त्याने सांगितलं, "थायलंडात जास्त दिवस राहाचं तं काहीतरी शिकावं लागते. बॉक्सिंग, नाहीतं स्वयंपाक."

पोरगा तिकडे गेला तो घरी येईना, म्हणून मीच निघालो होतो. चिडून म्हणालो, "बॉक्सिंगच लिव! त्याले दोन ठोसे देतो."

माझा राग उतरेपर्यंत तो चष्मा पुसत राहिला.

"स्वयंपाक लिवतो, काका. जेवाले तरी येईल तो."

परतताना बसमध्ये मी पोराला खायला काय काय आवडतं ते आठवत होतो. चिखली आली तरी यादी संपली नव्हती.