भावासाठी उतरवलेलं वजन

"किडनी चांगली आहे तुमची. पण आत्ताच्या वजनात ती काढता येणार नाही."

सोलापूरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत नीट बसलेही नव्हते. खुर्चीला दोन्ही बाजूंनी हात होते आणि मी त्यात मावत नव्हते. कडेवर टेकून मी ऐकत होते.

माझं वजन अठ्ठ्याण्णव किलो होतं, उंची पाच फूट. शिवाय उपाशीपोटीची साखर थोडी वाढलेली निघाली. त्याला प्री-डायबिटीस म्हणतात, म्हणजे मधुमेह अजून झालेला नाही, पण असंच चालू राहिलं तर होणार. अशा माणसाची एक किडनी काढली तर उरलेल्या एकीवर पुढं फार ताण येतो. आधी वीसेक किलो कमी करा, साखर ताळ्यावर आणा, मग परत तपासू, असं ते म्हणाले.

किडनी माझ्या धाकट्या भावाला द्यायची होती. बसवराज, आम्ही त्याला बसू म्हणतो. आम्ही दोघंही जळकोटचेच. त्याचं हायवेला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, विहिरीतल्या जळालेल्या मोटारी तो परत चालू करून देतो. मी घरीच कडक भाकरी करून विकते. बसूला डोकेदुखीचा त्रास होता, तो उन्हाचा म्हणून गोळ्या खायचा. पाय सुजले तेव्हा रक्त तपासलं. बीपी कित्येक वर्षं वाढलेलं होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. दोन्ही किडन्या आकसून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. डायलिसिस म्हणजे किडनीचं काम यंत्रानं करणं, रक्त बाहेर काढून, गाळून परत आत सोडणं.

त्याची बायको शोभा द्यायला तयार होती, तिचा रक्तगट जुळला नाही. आईला मधुमेह. मुलं लहान. राहिले मी, आणि माझा गट जुळत होता.

बसू बाहेर बाकावर बसला होता. मी त्याला सांगितलं. तो हसला.

"एवढंच व्हय? म्हंजे दिवाळीपर्यंत हुतंय की, अक्का."

"व्हय. दिवाळीला करूनच टाकू," मी म्हणाले. तेव्हा नुकताच श्रावण लागला होता.

त्याच दिवशी मला आहारतज्ज्ञ बाईंकडं पाठवलं. त्यांनी लो-कार्ब डाएट दिलं. कार्ब म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थ, ज्यांची पोटात गेल्यावर साखर होते. भात, साखर, बटाटा, साबुदाणा, मैदा बंद. भाकरी जेवणाला अर्धी. त्याऐवजी पालेभाज्या, दही, पनीर, सोयाबीन, मोड आलेले मूग, मूठभर शेंगदाणे. आम्ही लिंगायत, अंड्याचा प्रश्नच नव्हता. बाई म्हणाल्या, "सुरुवातीला वजन भराभर उतरेल. त्यातलं बरंचसं पाणी असतं, चरबी नव्हे. त्यानंतर हळू होईल. एखाद्या आठवड्यात काहीच होणार नाही. तुम्ही एक वर्ष धरून चला."

मी मान डोलावली. वर्ष हे त्या सगळ्यांनाच सांगत असतील, आपल्याला एवढी गरज आहे म्हटल्यावर आपलं लवकर होईल, असं मला वाटलं. तुमच्यापैकी कुणी कुणासाठी किंवा ऑपरेशनसाठी वजन कमी करायला निघाला असाल, तर इथंच थोडं थांबा. आपली गरज शरीराला कळत नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत चार किलो उतरले. घरात सण असल्यासारखं झालं. बसूनं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. माझे यजमान म्हणाले, या हिशोबानं दिवाळीच्या आधीच होईल. बाईंनी पाण्याचं सांगितलं होतं ते मला आठवत होतं, तरी मी तोंडातून काढलं नाही.

दिवसभर माझ्यासमोर भाकऱ्यांची चळत असे. ज्वारीच्या, बाजरीच्या. तव्यावरून निघालेल्या भाकरीचा वास आणि पोटात अर्धीच. सुरुवातीला डोकं दुखायचं, हातपाय गळून जायचे. मीठ घातलेलं ताक प्यायल्यावर ते बरं झालं. भुकेचीही सवय झाली. सवय झाली नाही ती वजनकाट्याची.

दुसऱ्या महिन्यात दीड किलो. तिसऱ्यात त्याहून कमी. मग एकदा काटा उलटा फिरला, एक किलो वाढ. मी काहीही वेगळं खाल्लं नव्हतं. काट्यावरून उतरले, परत चढले. तेच.

दिवाळी आली आणि गेली. फराळाचं ताट बसू माझ्यासमोरून उचलून आत घेऊन गेला, एवढंच.

त्याच्याही खाण्यावर बंधनं होती आणि ती बरोबर माझ्या उलट होती. मला जे चालायचं ते त्याला विषासारखं. पालेभाजीत पोटॅशियम नावाचा क्षार असतो, किडनी बंद पडली की तो रक्तात साठतो आणि हृदय थांबवू शकतो. त्याला भात चालायचा, मला नाही. पाणी त्याला दिवसाला मोजून. पुढं उन्हाळा लागल्यावर तो बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा. म्हणून सांगते, माझं डाएट ऐकून किडनीच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या माणसानं ते परस्पर सुरू करू नये. आधी डॉक्टरांना विचारा.

दिवाळीनंतर मी जेवणच सोडलं. दोन वेळा ताक आणि काकडी, बाकी काही नाही. घरच्यांना सांगितलं नाही. वजन परत उतरायला लागलं आणि मला वाटलं, सापडला रस्ता. मग एका सकाळी भाकरी उलटताना डोळ्यांपुढं अंधारी आली. पडताना हात तव्यावर टेकला. कोपरापासून मनगटापर्यंत भाजलं.

डॉक्टर चिडले नाहीत, ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रिपोर्ट माझ्याकडं वळवला. "असं उपाशी राहून स्नायू झिजतात. तुमची ताकद गेली, हिमोग्लोबिन उतरलं. अशा अवस्थेत मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. जेवढं सांगितलंय तेवढं खा."

"पण त्याला वेळ न्हाय, डॉक्टर."

"मला माहीत आहे. पण यापेक्षा लवकर होणारं हे नाही."

आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं की वजन अडण्याला प्लॅटो म्हणतात. शरीर कमी खाण्यावर भागवायला शिकतं आणि काही आठवडे जागचं हलत नाही. तेव्हा खाणं तोडायचं नाही, चालणं वाढवायचं आणि थांबायचं. मी सकाळी नळदुर्गच्या दिशेनं हायवेच्या कडेनं चालायला लागले. गुडघे बोलायचे. ट्रक जवळून गेला की साडी अंगाला लपेटायची.

शोभाशी बिघडलं ते या काळात. माकणीला आमच्या चुलतभावाच्या घरी साखरपुडा होता. पंगतीत मी फक्त वरण आणि भाजी घेतली. नंतर मागच्या दारी बसून पिशवीतले भाजलेले शेंगदाणे खात होते. शोभा तिथं आली आणि माझ्या हाताकडं बघत उभी राहिली.

"अक्का, हे चालतंय का तुमाला?"

"चालतंय. मूठभर."

"मूठभरच हाय ना?"

मी मूठ उघडून दाखवली. चाळीशी उलटलेली बाई मी, भावजयीला मूठ उघडून दाखवत होते. ती एकदम खालीच बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

"माझ्यानं राहवत न्हाय, अक्का. तुमी जेवाया बसला की मी तुमच्या ताटाकडंच बघत असते. घास मोजते. रात्री ह्यांच्या पायात गोळे येतात, मी चोळत बसते, आन् मनात तुमचं वजन. लई वाईट हाय मी."

मी तिला जवळ घेतलं. ती वाईट नव्हती. पण त्या दिवसानंतर मी कुणाच्याही समोर जेवले नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी आणि रात्री सगळ्यांच्या नंतर, स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून.

वजन मात्र उतरत होतं. कधी पाव किलो, कधी अर्धा, कधी नाही. ब्लाउज ढगळ झाले. अंगठी बोटातून निघायला लागली. बसूचंही वजन उतरत होतं, त्याचं कुणालाच नको होतं. त्याला जिना चढवेना. आडवं झोपलं की दम लागायचा, म्हणून उशा लावून बसून झोपायचा. दुकान त्यानं हळूहळू बंदच केलं.

परत श्रावण आला आणि गेला. त्यानंतर एकदा काटा अठ्ठ्याहत्तरच्या आत आला. साखर तपासली, चांगली आली. डॉक्टर पहिल्यांदाच माझ्याकडं बघून मोकळं हसले. "शाबास. फार थोड्या लोकांना हे जमतं." माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या बऱ्या निघाल्या. मग ऑपरेशनआधीची म्हणून बसूची इको झाली. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

या वेळी डॉक्टरांनी आम्हा तिघांना एकदम आत बोलावलं. मी हातांच्या खुर्चीत बसले, मावले. बीपीनं आणि वर्षभराच्या डायलिसिसनं बसूच्या हृदयाचं पंपिंग, म्हणजे रक्त ढकलायची ताकद, निम्म्याहून कमी राहिलं होतं. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांनाही दाखवलं होतं. दोघांचं मत एकच होतं. भूल आणि ऑपरेशन हे हृदय सोसणार नाही.

शोभानं विचारलं, "मग औषधानं बरं करून घिऊ की. मग करू."

"औषधं देऊ. प्रयत्न करू. पण मी तुम्हाला आशा लावणार नाही."

बसू आणि शोभा बाहेर गेल्यावर मी मागं राहिले. मला विचारायचंच होतं.

"मागच्या दिवाळीला माझं वजन झालं असतं तर?"

त्यांनी समोरचा रिपोर्ट मिटला. मग म्हणाले, "तर कदाचित झालं असतं. पण मागच्या दिवाळीला तुमचं वजन होणारच नव्हतं. कुणाचंच झालं नसतं."

हे त्यांनी माझं समाधान करायला सांगितलं, हे मला कळलं. ते खरं आहे हेही कळलं. तरी त्यातला "कदाचित" तेवढा माझ्याजवळ राहिला आहे.

परत येताना एसटीत बसू खिडकीशी होता. शोभा पुढच्या सीटवर. तांदूळवाडीचा फाटा मागं पडला तसा तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "अक्का, आता घरी जाऊन भात खा. पोटभर."

मी हो म्हणाले. घरी आल्यावर भात लावलाही. वाढून घेतला, वर तूप घातलं. दोन घास खाल्ले आणि ताट झाकून ठेवलं.

त्याला आता बरेच महिने झाले. औषधांनी हृदयात फारसा फरक नाही. डायलिसिस चालू आहे. मी डाएट सोडलेलं नाही, कारण सोडायचं तरी कशासाठी हे मला ठरवता येत नाही. गावातल्या बाया विचारतात, एवढ्या बारीक कशा झालात, आम्हाला पण सांगा. मी सांगते. महिन्याला किलो-दीड किलो धरा, सांगते. सुरुवातीचं मोजू नका. वर्ष लागेल, आणि मध्ये महिने असे येतील की काहीच हलणार नाही. तारीख ठरवू नका. पुष्कळ जणी ऐकून निघून जातात. त्यांना महिन्याभरातलं काहीतरी हवं असतं. मलाही तेच हवं होतं.

कुणी म्हणतं, तुमचं तरी आयुष्य वाढलं. साखर गेली, गुडघे हलके झाले, हे खरं आहे. त्याबद्दल आभार मानावेत असं वाटतं, पण कुणाचे मानायचे ते कळत नाही. त्या आहारतज्ज्ञ बाईंचे मानते. त्यांनी पहिल्या दिवशी खरं तेच सांगितलं होतं.

डायलिसिसला हल्ली मीच बसूबरोबर जाते. शोभाला मुलांचं बघायचं असतं. पूर्वी एसटीत चढताना कंडक्टरला मला हात द्यावा लागायचा. आता बसूची पिशवी माझ्या खांद्यावर असते आणि मी वरून त्याला हात देते.

त्याच्या डाव्या हातात फिस्टुला आहे. म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून दोन रक्तवाहिन्या जोडून जाड केलेली जागा. ती रोज सकाळी बोटं ठेवून तपासायची असते. आत रक्त वाहत असलं की बारीक थरथर लागते. थरथर थांबली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. घरी तो स्वतः बघतोच. तरी जळकोटच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना मी त्याचा हात मांडीवर घेते आणि त्या जागेवर बोटं ठेवते. त्याच्या मोटारी चालू झाल्यावर वरून हात ठेवला तर जसं लागतं, तसंच काहीसं लागतं.

"काय बघतीस रोज रोज?" तो विचारतो.

"काय न्हाय," मी म्हणते. "चालू हाय."