झाडावर चढलेला उजेड

जगातली कुठलीही वस्तू उगीच बिघडत नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या अक्काच्या वाट्याला आला. आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धारूरच्या बाजारात त्यांचं गाड्यांच्या सुट्या सामानाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने वस्तू मागावी आणि दुकानदाराने ती द्यावी, असा दुकानदारीचा साधा रिवाज. दाजींकडे कुणी वस्तू मागितली, की ते काउंटरवरून पुढे वाकून विचारत, "जुनी कावून गेली?" 'कावून' म्हणजे 'का', आणि इथून पुढे त्या माणसाचा दिवस त्याचा राहत नसे. घाटनांदूरचा एक जण ट्रॅक्टरसाठी बल्ब घ्यायला सकाळी आला, तो अर्थिंगची वायर घासून घेऊन, दाजींच्याच घरी जेवून, बल्ब न घेता दुपारी परत गेला. "बल्ब धडधाकट हाय बे तुझा, उपाशी हाय फकस्त. करंट पोचंना त्याला," असं म्हणत दाजी त्याला वेशीपर्यंत सोडायला गेले होते. अक्का म्हणायची, "ह्यांचं दुकान न्हाई, दवाखाना हाय, अन् त्यो बी धर्मादाय."

बरं, एवढं शोधून दाजी ती वस्तू दुरुस्त करतील म्हणावं, तर तेही नाही. कारण सापडलं की त्यांचा त्या वस्तूतला जीवच संपायचा. दुरुस्ती हे त्यांच्या लेखी मिस्त्रीचं काम. त्यांच्या घरातला रेडिओ, टेबलफॅन आणि भिंतीवरचं घड्याळ हे सगळे रोगाचं निदान झालेले आणि तसेच पडून असलेले पेशंट होते. अक्काने कित्येक वर्षं तांब्यात निखारे घालून कपड्यांना इस्त्री केली, कारण विजेची इस्त्री का तापत नाही हे दाजींना पक्कं कळलेलं होतं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवातली एक ट्यूबलाइट फडफडू लागली. सगळ्या वऱ्हाडाने अक्षता टाकल्या नवरानवरीवर, दाजींच्या अक्षता पडल्या स्टुलावर, कारण ते त्याच स्टुलावर चढत होते. आमच्या लग्नाच्या एकुलत्या एका फोटोत मागे त्यांचे पाय तेवढे आले आहेत.

पण त्यांचा सगळ्यात मोठा जीव होता तो गाड्यांच्या पुढच्या दिव्यांवर. दुकानासमोर एका गोदामाची चुना मारलेली लांबलचक भिंत होती. तिच्यावर दाजींनी गेरूने एक आडवी रेष ओढून ठेवली होती. दिवेलागणीला कुठलीही जीप, टेम्पो, मोटारसायकल दुकानावरून निघाली, की दाजी हात आडवा करून ती थांबवत, भिंतीकडे तोंड करून उभी करत आणि दिवे लावायला सांगत. "उजेड रेषेच्या दोन बोटं खाली पायजे," हा त्यांचा कायदा. "वर गेला तर समोरचा आंधळा, लई खाली गेला तर आपण आंधळे. दोन बोटं खाली असला की दोघं बी घरी जातेत." पुढे धारूरचा घाट, त्याची वळणं, त्यामुळे त्यांच्या ह्या नाक्याला कुणी नाही म्हणत नसे. मी तेव्हा माजलगावला नोकरीला होतो आणि सुटीला अक्काकडे जायचो. माझ्या स्कूटरचा दिवा दर खेपेला तपासला जायचा आणि दर खेपेला नापास व्हायचा.

परदेशी मालाला देशाचा बाजार मोकळा झाल्याची ती वर्षं होती. आधी आमच्या रस्त्यांवर दोन-तीन जातींच्याच गाड्या दिसायच्या. आता रोज नवा चेहरा दिसू लागला, आणि दाजींना तर सुगीच आली. त्यातच माजलगावकडचे एक बडे बागायतदार, ज्यांना सगळा परिसर आबा म्हणायचा, त्यांनी एक परदेशी मोटार आणली. तिचे दिवे निळसर पांढरे होते आणि चावी फिरवली की ते आधी खाली वाकत आणि मग वर येत. दाजींनी ते पाहिलं आणि मला ओढतच नेलं. "पाहुणं, बघा. ही गाडी शरणार्थ करती." शरणार्थ म्हणजे आमच्याकडचा वाकून केलेला नमस्कार. पुढचे दोन दिवस ते मला एवढंच समजावत होते. बैलगाडीत मागं वजन झालं की ती कशी उलार होते, जू कसं वर उचलतं, तसंच मोटारीत मागं माणसं बसली की तिचं नाक वर होतं आणि उजेड आभाळाला लागतो. ह्या गाडीत म्हणे मागच्या चाकापाशी एक डबी होती, सेन्सर नावाची. तिचा एक इवलासा हात एका काडीने चाकाच्या दांड्याला जोडलेला. माणसं बसली, गाडी दबली, की काडी हाताला ढकलणार, डबी दिव्यांना कळवणार आणि दिवे आपोआप वाकणार. "म्हंजे मागं कोण बसलंय त्ये दिव्याला कळतंय," असं म्हणताना दाजींचे डोळे ओले झाले होते. अक्का आजारी होती तेव्हाही मी ते तसे पाहिले नव्हते.

आमच्याकडे नवी गाडी आली की आधी नारळ फुटतो आणि मग मागच्या स्प्रिंगांमध्ये रबराचे गट्टू बसतात. गट्टू म्हणजे जाड रबराचे ठोकळे. त्याने गाडी मागून चार बोटं उंच होते आणि खड्ड्यात पोट घासत नाही. आबांच्या गाडीलाही ते बसले. दाजींनी स्वतः निवडून दिले, मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून बसवून घेतले.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी आबा काही कामाने धारूरला आले आणि दाजींच्या दुकानात चहाला थांबले. मीही होतो. आबांचा ड्रायव्हर खाजाभाई पायरीशी उभा होता, मान खाली घालून. पहिल्या जीपपासून आबांच्या सगळ्या गाड्या त्यानेच चालवलेल्या. आबा म्हणाले, "पोळ्यानंतर ह्याला कारखान्याच्या फाटकावर बसवायलो. डोळे गेले ह्याचे. म्हणतोय, रातच्याला रस्ता दिसंना. दिवे असे लख्ख हायत की लिंबाचं पान न् पान मोजून घ्या, अन् ह्याला रस्ता दिसंना. मोठ्या वर्कशापात दावली गाडी. दिवे बरोबर हायत म्हणले." आबांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजीच होती, आणि खाजाभाईला तीच जास्त लागत होती. माझ्याशेजारी सरकून तो हळूच म्हणाला, "डाक्टर म्हणतो डोळे ठीक हायत. पर रस्ता खरंच दिसत न्हाई, भाऊ. गाडी सुटली तर मी काय करू? दुसरं काई येत न्हाई मला."

दाजी उठले. गाडी भिंतीसमोर लागली, दिवे खाली वाकून वर आले, आणि उजेड रेषेच्या बरोब्बर दोन बोटं खाली येऊन थांबला. इतका अचूक उजेड त्या भिंतीने क्वचितच पाहिला असेल. खाजाभाईचा चेहरा मात्र उतरला. दिवे बरोबर होते, म्हणजे डोळेच गेले होते.

"कावून?" दाजी भिंतीला विचारल्यासारखं म्हणाले. मग खाजाभाईकडे वळले. "रस्ता कवा दिसत न्हाई? जाताना का येताना?"

"आबा अन् दोन माणसं मागं असली की. एकटा असलो तर दिसतंय."

"आबा बसले की तुझे डोळे जातेत व्हय बे?"

दाजी तडक शेजारच्या हॉटेलात शिरले आणि वजनदार माणसं निवडू लागले. हॉटेलचा मालक आणि एक गुळाचे व्यापारी त्यांनी हाताला धरून आणले, तिसरा म्हणून मला कोंबलं. आम्ही मागच्या सीटवर बसलो आणि भिंतीवरचा उजेड खाली यायच्या ऐवजी वर चढला, रेष ओलांडून, पत्र्याच्याही वर, थेट गोदामामागच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर. "उठा," दाजी म्हणाले. उजेड खाली आला. "बसा." पुन्हा लिंबावर. असं इतक्या वेळा झालं की गुळाचे व्यापारी घामाघूम झाले. आबा चहाची बशी हातात धरून लिंबाकडे बघत राहिले. त्यांची पानं मोजायची आता इच्छा दिसत नव्हती.

मग दाजी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "डबीचा हात उलटा पडलाय." पण ते बाहेर येईनात. त्यांचे दोन पाय तेवढे बाहेर, अगदी लग्नाच्या फोटोतल्यासारखे. मी वाकून पाहिलं, तर दाजी टॉर्च सेन्सरवर न धरता स्प्रिंगमधल्या गट्टूवर धरून पडले होते. मला तेव्हा उलगडलं. गट्टूने गाडी उचलली, काडी ताणली गेली, आणि एखाद्या मोठ्या खड्ड्यात तो इवलासा हात छत्री उलटावी तसा दुसऱ्या बाजूला पडला. आता वजन आलं की तो गाडी वर उचलली गेल्याचं कळवत होता. रिकाम्या गाडीत सगळं ठीक, म्हणून वर्कशॉपलाही दिसलं नाही. त्यांच्याकडे मागे बसायला आबा नव्हते.

सेन्सर गेला, परदेशी वस्तू, आपल्या रस्त्यांना टिकत नाही, एवढं दाजी म्हणाले असते तर धारूरात त्यांना कुणीही जाब विचारणार नव्हतं. ते बाहेर आले, तोंडाला ग्रीस लागलेलं. खाजाभाईने विचारलं, "दाजी, माझे डोळे?"

"तुझे डोळे शाबूत हायत. माझी अक्कल गेलती," दाजी म्हणाले, आणि अख्ख्या बाजारासमोर आबांना सांगितलं की गट्टू मी बसवले, बसवताना त्या काडीकडे बघितलं नाही, ह्या माणसाची त्यात काही चूक नाही. ज्यांच्या एका शब्दावर तालुक्यातला माणूस उभा राहायचा किंवा आडवा व्हायचा, त्या आबांसमोर असं बोलणं सोपं नव्हतं. मला दाजींचा तेव्हा फार अभिमान वाटला, पण ते त्यांना सांगायचं राहून गेलं. आबांनी हातातली बशी पायरीवर ठेवली. मग म्हणाले, "मंग गट्टू काढ."

"काढले तर पोट घासंल."

"मंग?"

"काडी लांब करतो. गाडी आज हितंच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा सुरू केलेली दुरुस्ती शेवटाला नेली. सायकलच्या चाकाचा एक स्पोक कापून त्यांनी नवी काडी केली. तिच्या टोकाचा आट्याचा नट फिरवून तिची लांबी कमी-जास्त करता यायची. उलटा हात सरळ करून दिवसभर ते ती जुळवत बसले. संध्याकाळी आबा स्वतः मागे बसले. उजेड वर जायला निघाला, थबकला आणि रेषेच्या दोन बोटं खाली येऊन ठरला. आत बसल्या बसल्या आबांनी विचारलं, "काय झालं?"

"दिवे वाकले, आबा."

"कुणाला?"

"तुमच्या वजनाला."

आबा हसले. खाजाभाई हसला नाही, तो भिंतीकडे बघत रडत होता. अक्काला मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा ती परातीत पीठ मळत होती. "ह्यांनी केलं? पुरतं?" असं तिने दोनदा विचारलं. इस्त्री मात्र तशीच राहिली.

त्यानंतर खाजाभाई फाटकावर बसला नाही. आबांची गाडी आणि पुढे आबांच्या मुलाचीही त्यानेच चालवली. दुकानावरून जाताना तो चावी बंद करून पुन्हा फिरवायचा, गाडी भर बाजारात शरणार्थ घालायची आणि दाजी काउंटरमागून हात जोडायचे.

दाजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ते गेले तेव्हा खाजाभाई भेटायला आला, आपल्या भाच्याचा हात धरून. म्हातारा झाला होता. अक्कापाशी बसला, चहा प्यायला. निघताना मी त्याला दुकानासमोर लावलेल्या गाडीपर्यंत पोचवायला गेलो. दिवेलागण झाली होती. त्याने भाच्याला गाडी गोदामाकडे तोंड करून लावायला सांगितली आणि आपण मागच्या सीटवर चढून बसला.

"आता मातर खरंच गेले डोळे, भाऊ," तो मला म्हणाला. "मोतीबिंदू न्हाई, दुसरंच काई हाय, बरं होत न्हाई म्हणतेत. पर त्या दिवशी दाजीनं शाबूत हायत म्हणलं ना, त्येच्यावरच इतकी वर्सं गाडी चालवली मी." भाच्याने दिवे लावले. खाजाभाईने खिडकीतून चेहरा बाहेर काढून भिंतीच्या दिशेने केला. "बघा बरं, रेषेच्या खाली हाय का उजेड?"

मी भिंतीकडे पाहिलं. तिच्यावर केव्हाच नवा रंग चढला होता, आणि रेष कुठे होती ते मला आता नक्की सांगता येत नव्हतं.

"हाय," मी म्हणालो. "दोन बोटं खाली हाय."