चुलीजवळचा तबला

रोह्याला एका देवळामागच्या सभागृहात रविवारी सकाळी मुलांचा तबल्याचा वर्ग भरतो. मी पेणहून गाडीने जाते. वर्ग चालवणाऱ्या सरांनी लहान मुलांची बॅच माझ्याकडे दिली, कारण माझा हात बरा आहे. तबला शिकवायला फार बोलावं लागत नाही, असं ते तेव्हा म्हणाले होते. ते खरं नव्हतं. बोल आधी मोठ्याने म्हणायचे आणि मग वाजवायचे, ही आमच्याकडची पद्धत. मी इंग्रजी शाळेतली, माझ्या वहीत 'धा तिरकिट' अजून इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं आहे. ती वही मी मुलांना दिसू देत नाही.

बॅचमध्ये कुंडलिका नदीकाठच्या वाडीवरची एक मुलगी होती, अकरा वर्षांची. आवाज खडा, लय पक्की. तबल्याच्या पहिल्या परीक्षेसाठी मी तिचंच नाव दिलं. तिच्या घरचे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ते पावसाळ्याच्या तोंडावर परततात. दरवर्षी तीही जाते आणि शाळा बुडते. यंदा दिवाळीनंतर तबल्याची परीक्षा आहे म्हणून तिला मावशीकडे ठेवायचं बापाने कबूल केलं होतं. फॉर्मवर अंगठा उठवताना त्याने मला तीनदा विचारलं, "नक्की हाय ना परीक्षा? नायतर पोरीला मागं ठेवून काय करू?"

"नक्की आहे," मी म्हटलं होतं.

सरावासाठी वर्गाच्या संस्थेने तिला तबल्याची एक जोडी घरी न्यायला दिली. भाद्रपदातल्या दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते. एका रविवारी निघता निघता तिने मला गाठलं. "ताई, तबला ओल्या फडक्यावानी वाजतोय. सूर चढवायला हातोडी नाय माझ्याकडं."

"जरा ऊन दाखव."

"ऊन कुठंय गो ताई!"

गाडीची वेळ झाली होती. चपला घालता घालता मी म्हटलं, "मग चुलीजवळ ठेव."

लांब ठेव, असं मी म्हटलं की नाही ते आठवत नाही. म्हटलं असणार, असं आधी वाटायचं. आता वाटत नाही.

पुढच्या रविवारी ती तबला ओढणीत गुंडाळून घेऊन आली. पुडी कडेला फाटली होती आणि मधल्या काळ्या शाईचे पापुद्रे सुटले होते.

"भाजून खाल्लास काय गो?" एक मुलगा ओरडला. सगळी हसली.

संस्थेचं काम बघणाऱ्या काकू हसल्या नाहीत. "वाडीवर ढोल शेकतात, तसाच हा शेकला. मी आधीच म्हटलं होतं, वस्तू घरी देऊ नका."

सर मांडीवर तबला घेऊन फाटक्या कडेवरून अंगठा फिरवत होते. "बाळा, शेकायला कोणी सांगितलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी डग्ग्याखालची चुंबळ सारखी करत होते. ती सारखीच होती.

"कुनी नाय," ती म्हणाली. "माजंच डोकं."

यापुढे वाडीवर वाद्य द्यायचं नाही, आणि सराव नसलेलं मूल परीक्षेला बसवायचं नाही, असं काकूंनी तिथल्या तिथे सांगितलं. तिचा फॉर्म गठ्ठ्यातून बाहेर काढला. सर माझ्याकडे वळले. "बॅच तुझी आहे. तुझं काय म्हणणं?"

"तुम्ही ठरवाल ते," मी म्हटलं.

त्यानंतरही ती दिवाळीपर्यंत येत राहिली. मागच्या रांगेत बसून गुडघ्यांवर वाजवायची. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती नेहमीसारखीच 'ताई' म्हणायची. मी दर रविवारी गाडीत ठरवायचे, आज सरांना सांगायचं. वाक्य मनात आधी इंग्रजीत तयार व्हायचं, मग मी ते मराठीत आणायचे. रोहा येईपर्यंत ते अगदी व्यवस्थित झालेलं असायचं. मी ते एकदाही बोलले नाही.

दिवाळीनंतर सलग दोन रविवार ती आली नाही. तिसऱ्या रविवारी वर्ग सुटल्यावर मी स्टेशनकडे न जाता वाडीची वाट धरली. निदान तिच्या बापाला तरी सांगायचं, चूक माझी होती.

त्यांच्या दाराला बाहेरून काटक्यांचा झाप बांधला होता. शेजारची बाई ओट्यावर तांदूळ पाखडत होती.

"कोन पायजे?"

मी झापाकडे बोट दाखवलं.

"ती भट्टीवर गेली समदी. टेम्पो आला नि बसली."

"कुठली भट्टी?"

"मला काय म्हाईत? ती जातात, पावसाला येतात."

"मुलगी पण गेली?"

"मंग? मावशीकडं कशाला ठेवतील? तुमची परीक्षा रद झाली ना. पोरीनंच सांगितलं बापाला." तिने सूप मांडीवर टेकवलं आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तूच ना गो ती तबल्याची बाई? झाली ना रद?"

"हो," मी म्हटलं. "झाली."